कोनाड्यातली पुस्तके आणि आमचा आवाज

अड्याळ म्हटले की विदर्भातल्या पुष्कळांना अड्याळ टेकडी आठवते. ती चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरी तालुक्यातली, गीताचार्य तुकारामदादांची. आमचे अड्याळ निराळे. भंडाऱ्याहून पवनीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, धानाच्या बांध्यांनी आणि तळ्यांनी वेढलेले, झाडीबोली बोलणारे. या दोन अड्याळांना जोडणारी एक गोष्ट मात्र आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची 'ग्रामगीता' १९५५ साली प्रसिद्ध झाली आणि पूर्व विदर्भातल्या खेड्याखेड्यांत ती मोठ्याने वाचली जाऊ लागली. पुस्तक वाचून माणूस सुधारतो, माणूस सुधारला की गाव सुधारते, हा विश्वास या भागात त्या ग्रंथाने रुजवला. आमच्या वाडवडिलांनीही तो ओट्यावर बसून ऐकला आहे.

प्रश्न असा की, आम्हां मराठी मुसलमानांच्या घरांत माणूस घडवणारी, दुखावलेल्याला उभे करणारी, मुक्याला बोलायला लावणारी पुस्तके कोणती होती? 'वाचनाने व्यक्तिमत्त्व घडते' हे वाक्य शाळेच्या भिंतीपासून व्याख्यानमालेपर्यंत सर्वत्र ऐकू येते. त्या वाक्यात आमच्या आया-बहिणी कुठे बसतात, याचा इतिहास मात्र कोणी सलगपणे मांडत नाही. आम्ही येथे तो मांडण्याचा प्रयत्न करीत आहोत. त्यातही स्त्रियांकडे अधिक लक्ष देणार आहोत, कारण पुरुषाला मशिदीत, बाजारात, चहाच्या टपरीवर बोलायला जागा असते. बाईला ती पुस्तकातच शोधावी लागली.

घरातल्या कोनाड्यापासून सुरुवात करू. सर्वांत वर जुजदानात गुंडाळलेला कुरआन शरीफ. तिलावत रोजची, पण अर्थ कळण्याची सोय क्वचित. त्याच्या खाली, जिथे उर्दू वाचणारे कोणी होते तिथे, 'बहिश्ती जेवर'. मौलाना अशरफ अली थानवींचे हे पुस्तक विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तयार झाले आणि मुलीच्या जहेजमध्ये ते देण्याची रीत उत्तर हिंदुस्थानातून आमच्यापर्यंत आली. नमाज-रोज्याच्या मसल्यांपासून पत्र कसे लिहावे, हिशेब कसा ठेवावा, कोणत्या दुखण्यावर काय द्यावे, इथपर्यंत सारे त्यात आहे. इंग्रजी शिकलेले लोक या पुस्तकाला नाके मुरडतात. आम्हांला ते मान्य नाही. त्या काळी मुलीला लिहिता-वाचता आले पाहिजे, तिला दीन कोणाच्या मध्यस्थीशिवाय समजला पाहिजे, असे ठामपणे सांगणारे ते पुस्तक होते. पण त्याच पुस्तकात बाईने कोणती पुस्तके वाचावीत आणि कोणती वाचू नयेत, याचीही यादी आहे. दार उघडायचे आणि उंबरठ्यावर पहारा बसवायचा, असा तो प्रकार.

त्याआधी १८६९ मध्ये डिप्टी नजीर अहमद यांची 'मिरात-उल-उरूस' आली होती. त्यांनी ती मुळात स्वतःच्या मुलींना वाचायला म्हणून लिहायला घेतली. अकबरी आणि असगरी या दोन बहिणींची ती कथा. एक अडाणी, हट्टी, दुसरी शिकलेली, शहाणी. सरकारने तिला हजार रुपयांचे इनाम दिले. हिलाच आपल्याकडचे पहिले व्यक्तिमत्त्व-विकासाचे पुस्तक म्हणायला हरकत नाही. पण शहाणी असगरी जे बोलते ते डिप्टीसाहेबांचेच बोल. ती कादंबरी वाचून पाटण्याच्या रशीद-उन-निसा यांना वाटले की आपणही लिहावे. त्यांनी १८८१ मध्ये 'इस्लाह-उन-निसा' लिहून पूर्ण केली. हस्तलिखित तेरा वर्षे घरात पडून राहिले. मुलगा विलायतेहून बॅरिस्टर होऊन परतला, तेव्हा १८९४ मध्ये ते छापले गेले, आणि तेही लेखिकेच्या नावाने नव्हे. अमक्या बॅरिस्टरची आई, एवढीच तिची ओळख पुस्तकावर आली. एका पुस्तकाने दुसरे पुस्तक जन्माला घातले, आवाज फुटला, पण नाव मात्र पडद्यातच राहिले.

उर्दूतली ही हकिकत झाली. मराठीत काय घडत होते?

सन १८४८ मध्ये पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. वडिलांचे घर सोडावे लागल्यावर या जोडप्याला उस्मान शेख यांनी आसरा दिला आणि त्यांची बहीण फातिमा सावित्रीबाईंबरोबर शिकवू लागली, हे वाचकांना ठाऊकच आहे. त्या शाळांतून काय निघाले ते पाहा. मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मांग मुलीचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'ने छापला. ज्यांना धर्मग्रंथ वाचण्याचाच अधिकार नाही त्यांचा धर्म कोणता, असा रोखठोक सवाल त्या पोरीने केला. खुद्द सावित्रीबाईंचा 'काव्यफुले' हा संग्रह त्याच्या आदल्या वर्षी, १८५४ मध्ये निघाला होता. विद्यार्थिनी बोलली, मुख्याध्यापिका बोलली. फातिमाबींचा एकही कागद आपल्यापर्यंत पोहोचलेला नाही.

त्यांच्याविषयी जे आहे ते सावित्रीबाईंच्या एका पत्रात. १० ऑक्टोबर १८५६ रोजी नायगावहून, आजारपणात माहेरी असताना, त्यांनी जोतीरावांना लिहिले. आपल्या मागे फातिमाला कामाचा त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा आशयाचा मजकूर त्यात आहे. डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या आणि महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या समग्र वाङ्मयात हे पत्र कोणालाही वाचता येते. असे असताना जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीतल्या एका लेखक-पत्रकाराने जाहीर केले की फातिमा शेख नावाची बाईच नव्हती, ती आपण रचली. देशभर गदारोळ झाला. महाराष्ट्रातल्या अभ्यासकांनी पत्राकडे बोट दाखवले आणि तो दावा टिकला नाही. पण चार दिवस का होईना, दीडशे वर्षांपूर्वीची एक शिक्षिका पुसली जाऊ शकली, ती का? तिने स्वतःच्या हाताने लिहिलेले काही शिल्लक नव्हते म्हणून. दुसऱ्याच्या पत्रातल्या एका उल्लेखावर तिचे असणे टिकून आहे. एखाद्या समाजाने लिहिले नाही, किंवा लिहिलेले जपले नाही, तर त्याला काय किंमत मोजावी लागते, याचे याहून ठळक उदाहरण आम्हांला सापडत नाही.

जपण्याचा मुद्दा फक्त आमच्यापुरता नाही, हेही खरे. आमच्याच विदर्भातल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिली. पुढे ती इतकी विस्मरणात गेली की १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा छापेपर्यंत मराठी साहित्याच्या इतिहासात तिला जागाच नव्हती. ताराबाईंचे पुस्तक निदान कोणाला तरी सापडले.

मराठीतून मुसलमानांनी लिहिणे नवे नाही. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी १६४५ मध्ये 'योगसंग्राम' सिद्ध केला. तेव्हा 'मराठी तुमची भाषा आहे का?' हा प्रश्न जो कोणी आम्हांला विचारतो, त्याने आधी हे साल पाठ करावे. पण शेख महंमदांनंतर विसाव्या शतकापर्यंत ज्या मुसलमानांनी मराठीत लिहिले ते बहुतेक संत, शाहीर आणि पुरुष. मराठी मुसलमान बाईने आपल्या तोंडाने आपली हकिकत सांगायला विसाव्या शतकाची शेवटची वीस वर्षे उजाडावी लागली.

हा रस्ता दलित आत्मकथनांनी मोकळा केला, हे ऋण मान्य केलेच पाहिजे. भंडारा जिल्ह्यातल्या माणसाला तर ते विशेष जाणवावे. १९५४ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत बाबासाहेब आंबेडकर याच भंडारा मतदारसंघातून उभे होते आणि पराभूत झाले. निवडणूक हरली तरी वस्त्यावस्त्यांत शिकण्याची जिद्द मागे राहिली. १९७८ मध्ये दया पवारांचे 'बलुतं' आले आणि आपले साधे, अपमानित, उपाशी जगणे हाच साहित्याचा विषय होऊ शकतो, हे सिद्ध झाले. बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' १९८६ चे. कितीतरी वर्षे त्या नवऱ्याच्या नकळत लिहून वह्या लपवीत होत्या. हे वाचले की रशीद-उन-निसांच्या तेरा वर्षे पडून राहिलेल्या हस्तलिखिताची आठवण होते. धर्म वेगळा, जात वेगळी, शतकही वेगळे, पण लपवलेली वही एकच.

मलिका अमर शेख यांचे 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' १९८४ मध्ये आले. बार्शीचे शाहीर अमर शेख यांची ही मुलगी, नामदेव ढसाळांची पत्नी. वयाच्या पंचविशी-सत्ताविशीत तिने स्वतःचा संसार, देह, आजार, राग हे सारे कागदावर मांडले. तेव्हा त्या पुस्तकाची चर्चा ढसाळांच्या निमित्तानेच जास्त झाली. अनेक वर्षे ते मिळतही नव्हते. २०१६ मध्ये जेरी पिंटो यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला आणि मग सगळ्यांना ते पुन्हा आठवले. आमच्या वाचकांत या पुस्तकाविषयी अवघडलेपण आहे, ते आम्ही जाणतो. काही जण म्हणतात, ही मुस्लिम बाईची कहाणीच नव्हे. असेल. पण ज्या मराठीत ती सांगितली आहे, त्या मराठीने पुढच्या मुलींना 'माझे मन' हा शब्द उच्चारायची हिंमत दिली.

रझिया पटेल यांचे 'चाहूल' वेगळ्या वळणाचे. १९८२ मध्ये जळगावात मुस्लिम स्त्रियांनी सिनेमागृहात जाऊ नये अशी बंदी घातली गेली. छात्र युवा संघर्ष वाहिनीत काम करणाऱ्या रझियाताई त्या बंदीविरुद्ध उभ्या राहिल्या. सिनेमा पाहिला काय आणि न पाहिला काय, असे वरवर वाटते. परंतु बाईने कुठे जावे हे कोण ठरवणार, हा त्यातला खरा प्रश्न होता.

मेहरुन्निसा दलवाई यांच्या 'मी भरून पावले आहे' या पुस्तकाजवळ थोडे थांबले पाहिजे. ते १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. हमीद दलवाईंच्या मतांविषयी आमच्या समाजात किती टोकाचे बोलले जाते, ते सांगायला नको. १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत निघालेला सात मुस्लिम महिलांचा मोर्चा, २२ मार्च १९७० रोजी पुण्यात स्थापन झालेले मुस्लिम सत्यशोधक मंडळ, यांवर या अंकाच्या वाचकांतही दोन तट पडतील. आम्हांला येथे तो वाद करायचा नाही. कारण मेहरुन्निसांचे पुस्तक वाचताना आधी भेटते ती एक उर्दू वळणाची, पुण्यात वाढलेली मुलगी. कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या घरात ती सून म्हणून जाते आणि हळूहळू नवऱ्याच्या भाषेत स्वतःचे बोलू लागते. नवरा समाजकार्यात आणि मग आजारात, घर तिच्या नोकरीवर. १९७७ च्या मे महिन्यात हमीदभाई गेले. त्यानंतर ही बाई घरात बसली नाही. शाहबानो निकालानंतर १९८५ मध्ये तलाकपीडित स्त्रियांना घेऊन कोल्हापूरहून नागपूरच्या दिशेने निघालेल्या तलाक मुक्ती मोर्चात ती पुढे होती. म्हणजे कोल्हापूरची हाक विदर्भाच्या दिशेने आली होती. जून २०१७ मध्ये मेहरुन्निसा गेल्या. त्याच वर्षी २२ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने एका दमातला तिहेरी तलाक रद्द ठरवला. दोन-अडीच महिन्यांसाठी त्यांना तो दिवस पाहता आला नाही.

सय्यदभाईंचे 'दगडावरची पेरणी' हे पुरुषाचे पुस्तक असूनही आम्ही याच रांगेत ठेवतो. बहिणीला तोंडी तलाक मिळाला, त्या घावातून पुण्यातल्या कारखान्यात काम करणारा एक साधा तरुण कार्यकर्ता झाला. त्यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली आणि २०२२ मध्ये ते गेले. बहिणीचे दुःख भावाने आपले मानून लिहिले, अशी उदाहरणे आपल्याकडे बोटांवर मोजावीत इतकीच.

परंतु पुस्तक वाचून दुखणे हलके होते, या गोष्टीचा खरा दाखला कोणी मागितला तर आम्ही नसीमा हुरजूक यांचे 'चाकाची खुर्ची' पुढे करू. त्यात ना मोर्चा आहे ना धर्मचर्चा. खेळणारी, नाचणारी, हुशार मुलगी सोळाव्या-सतराव्या वर्षी कमरेखाली लुळी पडते. उपचार, नवस, अंथरूण, आणि जगायचे कशाला, हा प्रश्न. मग बाबूकाका दिवाण नावाच्या गृहस्थांची भेट होते. ते स्वतः अपंग, पण उद्योग सांभाळणारे, हिंडणारे-फिरणारे. त्यांच्याकडे पाहून या मुलीला प्रथमच वाटते की चाकाच्या खुर्चीतूनही आयुष्य चालते. पुढे शिक्षण, अबकारी खात्यात नोकरी, खेळांच्या स्पर्धा आणि १९८४ मध्ये कोल्हापुरात 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था. शेकडो अपंग मुलांचे वसतिगृह, शिक्षण, रोजगार. या साऱ्याचा पसारा पुस्तकात आहेच. आम्हांला महत्त्वाची वाटते ती त्यातली आधीची पाने. तिथे लेखिका स्वतःची कीव करीत नाही आणि धीराचा आवही आणत नाही. शरीरधर्माच्या ज्या गोष्टी आपल्याकडे आई लेकीलाही मोकळेपणी सांगत नाही, त्या ती सरळ सांगते. बाजारात 'यशस्वी व्हा' छापाची अनुवादित पुस्तके ढिगाने मिळतात. पंधरा दिवसांत स्वभाव बदला, असे ती सांगतात. त्या ढिगापुढे हे एक पुस्तक ठेवावे आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरी कोणते नेऊन द्यावे, ते वाचकांनीच ठरवावे.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी. नसीमा हुरजूक यांचे पुस्तक मराठी वाचकांनी 'मुस्लिम साहित्य' म्हणून वाचले नाही. एका माणसाची कहाणी म्हणून वाचले. याचा आनंद मानावा की खंत, यावर आमच्यात एकमत नाही.

आवाज केवळ आत्मकथनातूनच फुटतो असेही नाही. सुरेश भटांनी 'गझलेची बाराखडी' लिहून नव्या कवींना पत्रांनी पाठवली. १९८३ च्या 'एल्गार'मध्येही ती आहे. वृत्त, काफिया, रदीफ, अलामत मराठीत कसे सांभाळायचे याचे ते चिमुकले पाठ्यपुस्तक. अमरावतीत जन्मलेल्या आणि नागपुरात राहिलेल्या कवीने उर्दूचा जीव मराठीच्या हाती दिला आणि इलाही जमादारांसारख्या कवींना घरचा सूर बाहेरच्या भाषेत गाता आला. पातळशा पुस्तिकेनेही एवढे होते.

मग १९९० साल आले. त्या वर्षी डॉ. यू. म. पठाण पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. प्रा. फ. म. शहाजिंदे त्याचे अध्यक्ष होते आणि प्रा. फक्रुद्दीन बेन्नूर यांच्यासारखे विचारवंत पाठीशी. मोठे संमेलन असताना वेगळी चूल कशाला, अशी टीका झाली. तिला उत्तर सोपे आहे. एक विद्वान अध्यक्ष होणे वेगळे आणि गावोगावच्या शिक्षकाने, शिंप्याच्या मुलाने, शाळेत जाणाऱ्या मुलीने आपली कविता घेऊन व्यासपीठावर चढणे वेगळे.

आता पुन्हा आमच्या झाडीपट्टीत येऊ. वर सांगितलेली पुस्तके पुणे, मुंबई, कोल्हापूर, जळगाव, सोलापूर या शहरांतली. कोकण आहे, खानदेश आहे, दक्षिण महाराष्ट्र आहे. पूर्व विदर्भ कुठे आहे? १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने गावोगावी अनुदानित वाचनालये उभी राहिली. अ, ब, क, ड असे वर्ग पडले. ड वर्गातल्या खेड्यातल्या वाचनालयात पुस्तके कशी येतात, हे ज्याने पाहिले आहे त्याला कळेल. वर्षाचे अनुदान हाती आले की विक्रेत्याच्या यादीतून गठ्ठा उचलायचा. त्या गठ्ठ्यात 'चाकाची खुर्ची' येईल की पाककृतींचे पुस्तक, हे नशिबावर. आणि आले तरी नोंदवहीत नाव लिहून ते घरी नेणारी मुलगी किती पायऱ्या चढून तिथवर येते, याची नोंद कोणत्याच वहीत नसते. म्हणून आमच्या भागात पुस्तके वाचनालयापेक्षा हातोहात जास्त फिरतात. आपाकडून खालाकडे, खालाकडून शेजारच्या ताईकडे, आणि कव्हर निखळले की वर्तमानपत्राचे नवे कव्हर घालून पुढे.

भाषेची अडचण तर सर्वांत मोठी. आमच्या घरात हिंदी-उर्दूची वऱ्हाडी-नागपुरी खिचडी, अंगणात झाडीबोली, शाळेत प्रमाण मराठी. मुलगी निबंध लिहायला बसली की 'अम्मी' खोडून 'आई' लिहिते, 'सालन' खोडून 'भाजी' लिहिते. घरातले शब्द शाळेत नापास होतात, असे तिला फार लवकर कळते. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्यांनी झाडीबोलीसाठी जी चळवळ चालवली, तिच्यामुळे या बोलीत लिहिणे आता कमीपणाचे राहिलेले नाही. झाडीतल्या मुसलमानाच्या तोंडी ती बोली आणखी निराळी होते, तिच्यात 'दादी'ही असते आणि 'बांधी'ही. त्या भाषेत लिहिलेले पान छापून आले पाहिजे.

भंडारा-गोंदियाचा हा टापू विड्यांचा. तेंदूपानांची टोपली मांडीवर घेऊन, कात्रीने पान कापत, दिवसाला हजाराचा हिशेब गाठायला धडपडणाऱ्या बायांत हिंदू, बौद्ध, मुसलमान सर्व आहेत. त्यांच्या बोटांवर डाग आहेत, छातीत खोकला आहे, आणि काम करता करता एकमेकींना सांगितलेल्या हकिकतींचा साठा आहे. त्यांतल्या एखाद्या मुस्लिम बाईचे आत्मकथन अजून आमच्या हाती आलेले नाही. ती स्वतः लिहू शकत नसेल तर तिची दहावी-बारावी झालेली नात लिहू शकते. 'अम्मी' न खोडता, 'सालन' न खोडता. शंभर पानी वही पुष्कळ झाली. या वार्षिकाकडे तसा मजकूर कोणी पाठवला, तर शुद्धलेखन आम्ही पाहू. शब्द मात्र तिचेच ठेवू.